कॉम्प्युटरविरुद्ध बॅटलशिप खेळताना या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. गोव्यात मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात आणि आमच्या घरी मोबाईलवर समुद्र उघडतो. भाचा कॉम्प्युटरशी बॅटलशिप खेळतो, म्हणजे चौकटींच्या पटावर उभी-आडवी लपवलेली एकमेकांची जहाजं एकेका घरावर नेम मारून बुडवायची. मी शेजारी बसते. आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. नेम चुकला की ते ‘आग्वा!’ म्हणायचे, म्हणजे पाणी. आम्ही आजही ‘पाणी’च म्हणतो. भाचा सारखा हरायचा, कारण तो लागलेले नेम लक्षात ठेवायचा आणि पाणी विसरून जायचा.

पहिली चूक: मनाला येईल तिथे नेम. पट १० बाय १०, म्हणजे १०० घरं. जहाजं पाच: एक ५ घरांचं, एक ४ चं, दोन ३ ची आणि एक २ चं. एकूण १७ घरं. डोळे मिटून मारत गेलात तर शेवटचं जहाज बुडेपर्यंत सरासरी ९५ नेम खर्ची पडतात. त्याऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखी एक सोडून एक घरं धरा. सगळ्यात लहान जहाजही दोन घरांचं असल्यामुळे ते काळ्या घराला कुठेतरी शिवणारच, आणि शोधायला ५०च घरं उरतात. ते लहान जहाज बुडालं की आणखी सैल जाळं टाका: तिरक्या ओळींत दर तिसरं घर पुरतं.

सुरुवात कोपऱ्यातून करू नका. पाच घरांचं जहाज कोपऱ्यातल्या घरावरून दोनच प्रकारे जाऊ शकतं, मधल्या घरावरून १० प्रकारे. कॉम्प्युटर जहाजं चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडतो, त्यामुळे ती मधल्या भागावरूनच जास्त जातात.

नेम लागल्यावरची घाई. सगळ्यात जास्त डाव इथेच जातात, म्हणून जरा सावकाश सांगते. ई-५ ला, म्हणजे ई ओळीतल्या पाचव्या घराला, नेम लागला. भाचा लगेच चारी बाजूंना मारायचा. आधी जागा मोजा: डावीकडे ई-४ ला आधीच पाणी निघालं असेल आणि वर-खाली चार-चार घरं मोकळी असतील, तर उभं जहाज असण्याची शक्यता जास्त. दुसरा नेम लागला की त्याच रेषेत पुढे जा, पाणी लागलं की उलट टोकाकडे वळा.

आता समजा ई-५, ई-६, ई-७ तिन्ही लागले, ई-४ आणि ई-८ ला पाणी, आणि तरी ‘बुडालं’ असं आलं नाही. भाचा इथे गेम बिघडला म्हणून मोबाईल आपटायला निघाला होता. गेम ठीक होता. ती शेजारी-शेजारी उभी असलेली तीन वेगळी जहाजं होती. अशा वेळी प्रत्येक घरापासून वर-खाली शोधायचं.

तसंच, चार नेम लागले आणि तीन घरांचं जहाज बुडालं, तर उरलेलं एक घर दुसऱ्या जहाजाचं असतं. ते वहीत टिपून ठेवा. बऱ्याच गेममध्ये त्याची आठवण कोणी करून देत नाही.

आपली मांडणी. सगळी जहाजं मध्ये ठेवू नका. चांगला प्रोग्रॅम मधूनच शोध सुरू करतो. दोन घरांचं जहाज कडेला ठेवा. जहाजं एकमेकांना चिकटवणं मला पटत नाही: एकाचा शोध घेताना दुसरं आयतं सापडतं.

खेळायला बसण्यापूर्वी सेटिंग्ज बघा. काही गेममध्ये जहाजं एकमेकांना टेकलेली चालत नाहीत. मग बुडालेल्या जहाजाभोवतालची सगळी घरं पाणीच, तिथे नेम वाया घालवू नका. ‘साल्व्हो’ प्रकारात जितकी जहाजं शिल्लक तितके नेम एका खेपेला मिळतात, तिथे पहिलं जहाज गमावणं फार महाग पडतं. लहान स्क्रीनवर बोट शेजारच्या घरावर पडतं, तेव्हा जपून नेम धरा.

‘कॉम्प्युटर फसवतो’ असं वाटलं तर सलग पाच नेम लागले एवढ्यावरून ठरवू नका, त्याने नुसतं एक जहाज धरलेलं असतं. तुमचे सगळे नेम वहीतल्या चौकटींत लिहा. डाव संपल्यावर बरेच गेम कॉम्प्युटरची मांडणी दाखवतात, ती वहीशी ताडून बघा. तुम्हाला पाणी सांगितलेल्या घरावर जहाज निघालं, तर तो गेम खुशाल काढून टाका. भाच्याने सात डाव असे ताडून पाहिले. सातही बरोबर निघाले, आणि त्याच वहीत त्याला आपण एकाच घरावर दोनदा मारलेले नेमही सापडले.