सँडरच्या पॅडचा स्क्रू बदलताना

सँडर, म्हणजे पॉलिश पेपर लावून घासायचं मशीन, दुरुस्तीला आला की मशीन उघडण्याआधी मी पॅड उलटं करते आणि मधला स्क्रू बघते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॉवर टूलच्या दुरुस्तीला बसून मला सोळा वर्षं झाली. "मशीन थरथरतंय" म्हणून जी टूल येतात, त्यातल्या कितीतरींचं दुखणं त्या एका स्क्रूत सापडतं. मूळचा कुठेतरी पडलेला असतो आणि डब्यात हाताला लागला तो बसवलेला असतो.

आधी प्लग काढा. हवेवरचं मशीन असेल तर नळी काढून ट्रिगर एकदा दाबा, आत उरलेली हवा जाऊ द्या. बटण बंद आहे म्हणून नळी तशीच ठेवून पॅडला हात लावायचा नाही. हवेचा सँडर मिनिटाला १२,००० फेरे मारतो.

जुना स्क्रू कितीही झिजलेला असो, टाकून देऊ नका. तोच तुमचा नमुना. त्याच्याखालचा वायसरही जपा, कारण स्क्रूची लांबी त्या वायसरसकट ठरवलेली असते. डोक्याची खाच गेली असेल तर ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लावा, पकड येते. तरीही हलत नसेल तर आत थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, वाळलेलं असणार. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर चार-पाच मिनिटं टेकवून ठेवा. ब्लो टॉर्च मात्र नको, शेजारच्या बेअरिंगचं ग्रीस आणि सील जळतं. जोर लावण्याआधी आटे उलटे नाहीत ना, हे टूलच्या पार्ट्सच्या नकाशात पाहून घ्या. ड्रिलच्या चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याच्या, आतला स्क्रू डाव्या आट्याचा असतो हे माहीत नसल्यामुळे तो मोडून आणणारे दर महिन्याला भेटतात.

आता ओळख पटवायची. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ घ्या.

हवेच्या बऱ्याच सँडरच्या स्पिंडलला, म्हणजे पॅड फिरवणाऱ्या दांड्याला, ५/१६ इंच जाडीचे, इंचाला चोवीस आटे असतात. आपल्याकडे दुकानात त्याला 'अडीच सूत' म्हणतात. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला की माणूस म्हणतो, आठच आहे की! आणि एम ८ चा, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, बारीक आट्याचा बोल्ट घेऊन येतो. त्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर, अडीच सुताची १.०६. फरक इतका थोडा की बोल्ट दोन-तीन वेढे अगदी सुखाने आत जातो. मग जड होतो. तिथे थांबायचं असतं. पण आटे घाण झाले असतील असं समजून आपण पाना लावतो. माझ्या बाकावर असाच एक सँडर आला होता. पाईप घालून पाना लांब केला होता आणि बोल्ट जोर लावून शेवटपर्यंत नेला होता. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत स्पिंडलचे आटे तारेच्या स्प्रिंगसारखे गुंडाळून आले. स्क्रूची किंमत काही रुपये होती. बदलावं लागलं ते आख्खं स्पिंडल.

म्हणून एका आट्यावर विश्वास ठेवू नका. पाच आट्यांचं अंतर एकदम मोजा, पहिल्या आट्याच्या शेंड्यापासून सहाव्याच्या शेंड्यापर्यंत. एम ८ साधा असेल तर ६.२५ मिलिमीटर भरेल, एम ८ बारीक असेल तर ५, आणि अडीच सूत चोवीस असेल तर ५.३. पिच गेज, म्हणजे आट्यांवर लावून बघायची दातेरी पट्टी, असेल तर उत्तमच. उजेडाकडे धरून बघा, दातांत फट दिसता कामा नये. नवा स्क्रू आधी नुसत्या बोटांनी पूर्ण आत गेला पाहिजे. जो बोटांनी जात नाही, तो पान्यानेही घालायचा नाही.

लांबीचं म्हणाल तर जास्त लांब स्क्रू हा आखूडपेक्षा फसवा. तो भोकाच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटतं झालं. पॅड मात्र तसंच सैल राहतं. व्हर्नियरची मागची पट्टी भोकात सोडून खोली घ्या. स्टीलमध्ये किमान स्क्रूच्या जाडीइतके आटे धरले पाहिजेत, अॅल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट.

डोकं काउंटरसंक, म्हणजे खाली निमुळतं होऊन पृष्ठभागात बुडणारं, असेल तर कोन बघा. मिलिमीटरचे स्क्रू ९० अंशांचे, अमेरिकन इंची ८२ चे. चुकीचा बसवला की डोकं फक्त कडेवर टेकतं आणि थोड्याच दिवसांत ढिलं होतं.

चकचकीत दिसतो म्हणून स्टेनलेस घेऊ नका. स्टेनलेसच्या नेहमीच्या ए२-७० ग्रेडचा स्क्रू सुमारे ७०० मेगापास्कल ताण सोसतो, साध्या स्टीलच्या ८.८ ग्रेडचा ८००, १२.९ चा १,२००. अॅलन स्क्रूच्या (षटकोनी खाचेच्या) डोक्यावर हे ग्रेडचे आकडे कोरलेले असतात, वाचून घ्या. मूळचा ज्या ग्रेडचा होता त्याच ग्रेडचा आणा. पार्ट नंबर मिळत असेल तर कंपनीचाच मागवा, माझं तरी हेच सांगणं राहील.

बसवताना भोकातले आटे तारेच्या ब्रशने आणि थिनरने साफ करा. तेलावर थ्रेडलॉकर नीट धरत नाही. निळं, म्हणजे लॉकटाइट २४३ सारखं मध्यम ताकदीचं, एक थेंब पुरे. जास्त ताकदीचं लाल लावलंत तर पुढच्या वेळी काढणाऱ्याचे हाल होतील. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे किती जोराने पिळायचं ते, दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर ८.८ च्या एम ६ ला दहा न्यूटन-मीटरच्या आसपास, एम ५ ला साधारण सहा, तेही स्टीलमध्ये. एम ४ ला तर अॅलन कीची आखूड बाजू हातात धरून पिळलं तरी बास होतं.

मग थ्रेडलॉकर वाळेपर्यंत चोवीस तास मशीनला हात लावू नका. घाई असली तरी.

दुसऱ्या दिवशी पॅड कामावर टेकवून दोन मिनिटं चालवा, प्लग काढा, पुन्हा पाना लावून बघा. घट्ट असेल तर डोक्यापासून पॅडपर्यंत पेंट मार्करने एक पांढरी रेघ ओढा. कागद बदलताना तिच्याकडे नजर टाकत जा. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी तो सँडर वापरायचा नाही.