पहिला डेमो करण्याआधी फ्रेडी मर्क्युरीच्या जुन्या टेप ऐका

पहिल्यांदाच डेमो, म्हणजे इतरांना पाठवायचे नमुन्याचे ध्वनिमुद्रण, करू पाहणाऱ्या रॉक बँडबरोबर ध्वनिमुद्रणाचे काम करताना मी गायकाला माइकसमोर उभे करण्याआधी ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे ऐकायला लावतो. फ्रेडीचा पहिला बँड आपल्या पाचगणीचा. सेंट पीटर्स शाळेत १९५८च्या सुमारास जमलेल्या ‘द हेक्टिक्स’मध्ये तो पियानो वाजवत असे, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. त्या बँडचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. त्यामुळे सुरुवात करावी लागते ती १९६९पासून, म्हणजे फ्रेडी इंग्लंडमध्ये ‘आयबेक्स’ या लिव्हरपूलच्या बँडचा गायक झाला तेव्हापासून.

९ सप्टेंबर १९६९ रोजी लिव्हरपूलच्या सिंक क्लबमध्ये आयबेक्सचा कार्यक्रम झाला आणि बँडच्या एका सोबत्याने तो घरगुती टेपरेकॉर्डरवर टिपला. त्यातले बीटल्सचे ‘रेन’ हे गाणे २००० साली फ्रेडीच्या एकल गाण्यांच्या मोठ्या संग्रहात अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. बँडचे नाव ‘रेकेज’ झाल्यानंतरच्या सरावातले ‘ग्रीन’ हे गाणेही त्याच संग्रहात आहे. दोन्हींचा आवाज गढूळ आहे, वाद्ये एकमेकांत मिसळलेली आहेत आणि पुढे जगाने ओळखलेला गळा अजून घडायचा आहे. तरीही शब्द फेकण्याची त्याची ऐट तिथे आधीच हजर आहे, आणि नवख्या गायकाने कान लावावा तो तिथेच.

अशी टेप आज कोणत्याही फोनवर करता येते. प्रत्येक सराव टिपावा, कारण लय कुठे पळते, श्वास कोणत्या ओळीवर तुटतो आणि गाणे चुकीच्या पट्टीत बसवले आहे का, हे गाताना कळत नाही, ऐकताना लगेच कळते. मात्र ही टेप बँडपुरतीच ठेवावी. कार्यक्रमाच्या आयोजकाला ती पाठवू नये.

बाहेर पाठवायचा डेमो कसा असतो, हे समजण्यासाठी क्वीनने १९७१ साली डी लेन ली स्टुडिओत केलेली पाच गाणी ऐकावीत. वेम्बलीला नव्या जागेत आलेल्या या स्टुडिओला आपल्या खोल्या आणि यंत्रसामग्री पारखण्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारा बँड हवा होता, आणि त्या बदल्यात क्वीनला फुकट ध्वनिमुद्रण करता आले. पुढे पहिल्या अल्बमसाठी ट्रायडंट स्टुडिओत गाणी पुन्हा मुद्रित झाली, पण ‘द नाइट कम्स डाउन’चे नवे रूप बँडला रुचले नाही आणि १९७३च्या अल्बमवर डेमोचेच मुद्रण घेतले गेले. डेमोसाठी निष्काळजीपणे गायलेली ओळ पुढे कायमची राहू शकते, हे मी प्रत्येक गायकाला याच गाण्यावरून सांगतो.

माझ्या मते पहिल्या डेमोला तीन गाणी पुरेशी आहेत, आणि तीही मंचावर वाजवून मुरलेली असावीत. ड्रम, बास आणि गिटार शक्यतो एकत्र वाजवून घ्यावेत, म्हणजे बँडचा जिवंतपणा टिकतो. गायन मात्र गळा ताजा असताना वेगळे घ्यावे. सूर यंत्राने सरळ करण्याचा मोह गायकाने पहिल्या डेमोत तरी कटाक्षाने टाळावा, कारण ऐकणाऱ्याला त्याचा खरा गळा जोखायचा असतो.

मिक्स झालेली, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेली, फाइल घेऊन समाधान मानू नये. प्रत्येक वाद्याचा आणि गायनाचा मूळ ट्रॅक सुटा मागून घ्यावा, त्यावर तारीख, लय व पट्टी लिहावी आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. डी लेन लीचे डेमो २०११ साली प्रसिद्ध झाले ते क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने जपलेल्या तबकडीवरून. २०२४मध्ये त्यांचे नव्याने मिक्सिंग करता आले, कारण सुटे ट्रॅक असलेली मूळ टेप तोवर टिकली होती.