केमोथेरपीतील जुलाब आणि प्रोबायोटिक: कॅप्सूल घेण्यापूर्वी
मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकान किंवा कॅपेसिटाबिन ही केमोथेरपीची औषधे सुरू असताना जुलाब लागले की घरचे लगेच प्रोबायोटिक (पोटासाठी उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची कॅप्सूल) सुचवतात. मात्र ते घेण्यापूर्वी ताज्या रक्ततपासणीतील न्यूट्रोफिलची (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या ऑन्कोलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) दाखवावी, कारण या पेशी घटलेल्या असताना किंवा छातीत केमोपोर्ट (शिरेतून औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेले छोटे साधन) बसवलेला असताना प्रोबायोटिकमधील जिवंत जंतू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करू शकतात. पाकिटावरील जंतूचे पूर्ण नाव लिहून न्यावे. प्रोबायोटिकने जुलाब थांबतीलच असा भक्कम पुरावा नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेले लोपेरामाइड हे जुलाब रोखणारे औषध परस्पर बंद करू नये. घरच्या दह्यातही जिवंत जंतू असतात, म्हणून त्याबद्दलही विचारावे. ओआरएसचे लिटरचे पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवावे, थोडीथोडी पूड पेल्यात टाकून नव्हे. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.