पंचविशीपासून निवृत्तीपर्यंत: नोकरीतून पगाराशिवाय काय मिळतंय ते कसं तपासायचं

घरात मुलांची अर्धी उरलेली एखादी वही असतेच, ती घ्या आणि एका पानावर एकाखाली एक लिहा, वेळ, माणसं, उपयोग, ओळख, हाताला काम. मग प्रत्येकासमोर लिहा की गेल्या आठवड्यात हे मला कुठून मिळालं, ऑफिसातून, घरातून, आणखी कुठून की कुठूनच नाही. पगार या पानावर लिहायचा नाही, तो आपण एरवी रोज मोजतोच.

हे पाच मुद्दे आले कुठून ते सांगते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल म्हणून एक गाव, अख्खं एका कापड गिरणीवर जगणारं, १९३० च्या आसपास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा ही मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे गेले, लोकांचं जगणं बारकाईने टिपलं आणि १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आपल्याला वाटेल रिकामा वेळ मिळाल्यावर लोकांनी वाचलं असेल, फिरले असतील, पण झालं उलटं. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, रस्त्यावरून चालणारे पुरुष हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले, कारण कुठे वेळेत पोचायचंच नव्हतं. बायकांचं तसं झालं नाही, चूल आणि मुलं होतीच, ती आता कमी पैशात सांभाळायची होती एवढंच. पुढे याहोडाने मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण एका मोठ्या कामाचा भाग आहोत ही भावना, समाजात ओळख आणि नेमाने करायला काहीतरी. ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं आणि ज्यांनी १९८२ च्या संपानंतरचे दिवस बघितलेत त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या पाचही गोष्टी एकाच ठिकाणाहून मिळत असतील तर ते धोक्याचं आहे, मग तुम्ही पंचविशीत असा की अठ्ठावन्नाव्या वर्षी. एक धागा तुटला की पाचही एकदम जातात. म्हणून दर वयात बघायचं, काय कुठून येतंय, आणि जे फक्त ऑफिसातून येतंय त्याची दुसरी सोय नोकरी चालू असतानाच करायची.

पंचविशीवाल्यांचं पटकन सांगते. नवी मुंबईत ऐरोली, महापे, घणसोलीला आयटीत लागलेली मुलं, कोपरखैरण्यात चौघांत फ्लॅट, मित्र टीममधलेच, जेवण कँटीनमध्ये, क्रिकेटसुद्धा कंपनीच्या टूर्नामेंटमध्ये. मजा असते, पण प्रोजेक्ट बंद होऊन बेंचवर, म्हणजे पगार चालू पण काम नाही असं बसलं की दोन आठवड्यांत पोरगं कोमेजतं आणि घरी कुणाला कळतही नाही. उपाय सोपा आहे, आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि कंपनीबाहेरची ठरलेली माणसं. ढोल-ताशा पथक, तबल्याचा क्लास, रविवारी येऊरला जाणारा ग्रुप, काहीही चालेल, पण दिवस ठरलेला हवा, "जमलं तर जाऊ" असं कधीच जमत नाही. आणि एक पैशाचं, कारण या वयात कुणी सांगत नाही: नोकरी बदलताना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं सर्व्हिस व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सर्व्हिस लागते, मधला पेन्शनचा पैसा काढून घेतला की ती वर्षं मोजणीतून गेली.

तिशी ते पंचेचाळीस या टप्प्यात प्रश्न वेगळा असतो. उपयोग भरपूर, ओळख भरपूर, सगळ्यांना तुम्हीच हवे असता, वेळ मात्र उरत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला घर आणि ऑफिस नवी मुंबईत बेलापूरला असेल तर दिवसाचे तास कुठे जातात ते वेगळं सांगायला नको. तेव्हा या वयात वेळेच्या ओळीसमोर तास लिहा, कामाचे वेगळे आणि प्रवासाचे वेगळे. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. रात्री जेवून झाल्यावर लॅपटॉप उघडता ना, तेही त्या ५५ मध्ये धरायचं. तास जास्त निघाले तर मॅनेजरशी बोलताना "मला जमत नाहीये" असं म्हणू नका, हातातली कामं लिहून न्या आणि विचारा, यातलं या आठवड्यात कुठलं मागे ठेवू? बहुतेक वेळा एखादं काम मागे जातं, निदान कुठलं किती महत्त्वाचं ते तरी कळतं.

दमणं आणि बर्नआउट यातला फरकही ओळखायला हवा. आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून, आणि खुणा तीन दिल्यात. अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. नुसतं दमला असाल तर दोन दिवस झोप काढून फरक पडतो. तिन्ही खुणा असतील तर सुट्टी पुरत नाही, कामात काहीतरी बदलावं लागतं. आणि मन फारच खाली गेलं असेल तर टेलि-मानस आहे, १४४१६, सरकारची फोन सेवा, फुकट, मराठीतही बोलता येतं.

बायकांसाठी एक खास. २०१७ च्या बदलानंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे. कितीतरी जणी हे विचारतच नाहीत, गुपचूप राजीनामा देतात. आधी एचआरला लेखी विचारा आणि मग काय ते ठरवा.

आता पंचेचाळीस ते पंचावन्न. हा टप्पा मला सगळ्यात नाजूक वाटतो कारण बाहेरून सगळं छान दिसतं. ईएमआय संपत आलेला, मुलं कॉलेजात, पण प्रमोशन थांबलेलं असतं, मीटिंगमध्ये तिशीतली मुलं भराभर बोलतात आणि आपण मागे पडतोय असं वाटायला लागतं. इथे रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं उपयोगी पडतं. बुद्धीच्या दोन बाजू असतात, एक नवीन कोडं झटपट सोडवणारी, ती तरुणपणी वर असते आणि मग हळूहळू उतरते, दुसरी अनुभवातून साठलेल्या ज्ञानाची, ती पुढे कितीतरी वर्षं टिकते, वाढतेसुद्धा. म्हणजे पन्नाशीत तिशीतल्या मुलाशी वेगाची शर्यत लावायची नाही, काम बदलून घ्यायचं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग जातंय हे ओळखणारा सुपरवायझर असतो, त्याने ते ज्ञान दोन पोरांना शिकवायला घेतलं तर त्याची किंमत वाढते, कमी होत नाही. बॉसकडे स्वतःहून जा आणि म्हणा की नवीन मुलांचं ट्रेनिंग मला द्या. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने मधल्या वयाचं मुख्य काम हेच सांगितलंय, पुढच्या पिढीसाठी काहीतरी घडवणं, आणि ते नाही झालं तर माणूस साचून राहतो.

निवृत्तीबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण तयारी म्हणजे लोकांना फक्त पैशाची तयारी वाटते. ती कराच. पीएफचं ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, भरलंय का बघा, ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबर मिळणारी पेन्शन ५८ ला सुरू होते, पन्नाशीनंतर आधी घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कापली जाते, साठीनंतर सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. पण वहीतल्या पाच ओळींचं काय?

आमच्या बिल्डिंगमधले एक काका बँकेतून निवृत्त झाले. पुढचे काही महिने सकाळी साडेसातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून हॉलमध्ये बसायचे. पेपर वाचायचे तो शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींपर्यंत, मग खाली येऊन वॉचमनचं रजिस्टर तपासायचे आणि त्यावरून रोज वाद. लोक त्यांना टाळायला लागले. मग सोसायटीच्या खजिनदाराची बदली झाली आणि कुणीतरी वह्या काकांच्या हातात दिल्या. थकलेल्या मेंटेनन्सची यादी, सिंकिंग फंडाचा हिशोब, ऑडिटरचे जुने शेरे, सगळं त्यांनी वेगवेगळ्या फाइलला लावलं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, सोसायटी ऑफिसात बसतात. दिवस ठरला, माणसं आली, उपयोग आला, ओळख आली, आणि रजिस्टर आता वॉचमनच बघतो.

हे त्यांना नशिबाने मिळालं. तुम्ही नशिबावर सोडू नका, निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच सुरुवात करा. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस बाहेरच्या एखाद्या कामाला द्या, असं काम की तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल. हे शेवटचं महत्त्वाचं. तलावपाळीला फेरी मारणं, कट्ट्यावर गप्पा, हे छानच आहे, माणसं मिळतात, पण तुम्ही नाही गेलात तर अडत कुणाचं नाही. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे सभासद व्हा, पण त्याबरोबर शेजारच्या नववीतल्या मुलाचं गणितही घ्या. आणि शरीरासाठी आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, कारण सत्तरीनंतर वरचे सगळे बेत गुडघ्यांवर आणि तोल सांभाळण्यावर अवलंबून असतात.

राहता राहिली घरातली बाई, जिला निवृत्तीच नसते. नवरा निवृत्त झाला की तिचं काम वाढतं, दुपारचा चहा एकाचा दोघांचा होतो, जेवण डब्यातून ताटात येतं, आणि तिची स्वतःची निवांत वेळ, मग ती सिरियल असो की भिशी, सगळ्यात आधी जाते. म्हणून दोघांनी बसून आधीच ठरवायचं. सकाळचा चहा-नाश्ता आणि भाजीबाजार ही दोन कामं निवृत्त माणसाकडे कायमची द्यायची, मदत म्हणून नाही, पूर्ण जबाबदारी म्हणून. म्हणजे दूध संपत आलंय आणि कोथिंबीर नाहीये हे तिने सांगायच्या आधी त्याच्या लक्षात यायला हवं, आणि दुपारी दोन ते चार तिला कुणी हाक मारायची नाही.