चुनखडीच्या जलधरातली छिद्रं तपासायला निघण्याआधी

पहिली तयारी कागदावरची. नेमकं कोणतं छिद्र बघायचंय हे ठरल्याशिवाय एकही उपकरण मागवू नका. चुनखडीच्या जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात, पाण्याला तीन तऱ्हेच्या जागा मिळतात: कणांमधली आणि जीवाश्मांच्या कवचांतली बारीक छिद्रं, भेगा, आणि आम्लधर्मी पाण्याने खडक विरघळवून केलेल्या पोकळ्या व नळ्या. साठा बहुतेक पहिल्या जागेत असतो; पाणी धावतं उरलेल्या दोहोंतून. इंग्लंडमधल्या चॉकची, म्हणजे मऊ, बारीक कणांच्या चुनखडीची, सच्छिद्रता (एकूण घनफळातला छिद्रांचा वाटा) ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाते, पण त्यातल्या छिद्रांना जोडणाऱ्या वाटा एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) अरुंद. म्हणून ते पाणी सहजी हलत नाही, विहिरीला पाणी येतं ते मुख्यतः भेगांतून. तेव्हा तक्त्यात नुसता ‘सच्छिद्रता’ असा रकाना नको. एकूण किती आणि त्यातली एकमेकांना जोडलेली किती, असे दोन आधीच आखा. वर्णनासाठी चोकेट आणि प्रे यांचं १९७० चं वर्गीकरण छापून सोबत ठेवा. छिद्र खडकाच्या मूळ घडणीला धरून आहे की तिची पर्वा न करता आरपार गेलंय, हा त्यातला मुख्य प्रश्न, आणि प्रत्यक्ष जागेवर तेवढा पुरतो.

बोअर घेण्याआधी ड्रिलरशी बसून बोला. हे काम माझ्या मते सगळ्या यंत्रसामग्रीहून महत्त्वाचं आहे. जिथे पोकळी तिथे कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडकाचा दंडगोल, हाती येत नाही, म्हणजे सर्वांत जास्त पाणी वाहणारी जागाच पेटीत नसते आणि प्रयोगशाळेत जातो तो उरलेला घट्ट खडक. रॉड अचानक खाली सुटला, किंवा आत सोडलेलं पाणी वर यायचं थांबलं, की त्याच क्षणी खोली लिहायची, हे त्याच्याशी पक्कं करून घ्या. पेटीत तेवढी जागा मोकळी सोडून लाकडी ठोकळा ठेवा. तुकडे सरकवून कोअर सलग दिसेल असं करू नका. बोअरचा व्यास मोजणारा कॅलिपर, पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लोमीटर आणि भिंतीची प्रतिमा घेणारा टेलिव्ह्यूअर यांच्या तारखा आधीच घ्या. ऑप्टिकल टेलिव्ह्यूअरला स्वच्छ पाणी लागतं, त्यामुळे बोअर धुऊन गाळ बसेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरा. पाणी गढूळच राहणार असेल तर ध्वनीवर चालणारा मागवा.

नमुन्यांचे प्लग, म्हणजे कोअरमधून काढलेले छोटे दंडगोल, साधारणपणे २५ किंवा ३८ मिलिमीटर व्यासाचे कापतात. पोकळ्या बोटाएवढ्या असतील तर प्लगचा काही उपयोग नाही, अख्खा कोअर मोजा. जिप्समचा संशय असल्यास नमुने वाळवायची भट्टी १०५ अंशांवर लावू नका. त्याचं स्फटिकजल उडतं आणि नसलेली छिद्रं हिशेबात येतात.

वजनकाटा तपासून घ्या, कारण सगळा खेळ तीन वजनांचा आहे: कोरडं, निर्वातात पाणी भरल्यावरचं आणि पाण्यात बुडवून टांगलेलं. समजा ती अनुक्रमे ४३.४, ४७.४ आणि २७.४ ग्रॅम आली. भरलेल्यातून बुडवलेलं वजा केलं की नमुन्याचं घनफळ २० घन सेंटीमीटर, भरलेल्यातून कोरडं वजा केलं की छिद्रं ४, म्हणजे सच्छिद्रता २० टक्के. इथेच थांबू नका. कोरड्यातून बुडवलेलं वजा केलं की घन भाग १६ येतो आणि त्याची घनता २.७१, म्हणजे कॅल्साइट, चुनखडीचं मुख्य खनिज. ती २.८७ कडे झुकली तर डोलोमाइट, मॅग्नेशियम असलेलं त्याचं भाऊबंद खनिज. २.७१ हून बरीच कमी आली तर पाणी न पोहोचलेली बंद छिद्रं असू शकतात, किंवा चिकणमाती अथवा जिप्सम. नमुना पुसायला ओलं कापड ठेवा. कोरडं कापड छिद्रांतलंही पाणी ओढतं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ छेदांसाठी छिद्रांत भरायचं निळं इपॉक्सी राळ आणि अ‍ॅलिझरीन रेड एस हा रंग मागवा. निळं दिसेल ते छिद्र, लाल होईल ते कॅल्साइट, डोलोमाइट रंग घेत नाही. छिद्रांत दाबाने पारा घुसवायची चाचणी सर्वांत शेवटी ठेवा: नंतर तो नमुना दुसऱ्या कशाला चालत नाही, आणि मोजली जाते छिद्रांकडे जाणारी अरुंद तोंडं, छिद्रं नव्हेत. क्ष-किरणांनी नमुन्याच्या आतलं चित्र घेणाऱ्या मायक्रो-सीटीवर फार भिस्त नको. नमुन्याच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या भागापर्यंतच ते बघू शकतं, म्हणून २५ मिलिमीटरच्या प्लगमध्ये चॉकचं छिद्र दिसणारच नाही.

पाण्याच्या नमुन्यांसाठी पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता मोजणारी उपकरणं बोअरपाशीच न्या. बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निसटला की पीएच चढतो आणि कॅल्साइट तळाशी बसू लागतं. युरेनाइन हा चमकणारा रंग सोडून प्रवाह शोधायचा असेल तर परवानगी आणि खाली ते पाणी पिणाऱ्यांना पूर्वसूचना या दोन्ही गोष्टी आधी. झऱ्यांमध्ये रंग शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पुड्या रंग टाकण्याच्या बऱ्याच आधी बांधा, म्हणजे पाण्यात मुळातच असलेली चमक वेगळी काढता येईल. रंग हाताळणारा आणि पुड्या गोळा करणारा माणूस मात्र एकच नको, नाहीतर हातावरचा रंग पुड्यांना लागेल.