एकच काम, तीन ठिकाणं: लहान मुलांची इतिहास-सहल कशी आखावी

पहिली-दुसरीच्या मुलांना घेऊन मी पहिल्यांदा परिसर भेटीला निघाले, तेव्हा अर्ध्या दिवसात नऊ ठिकाणं उरकली होती. दुसऱ्या दिवशी सांगितलं, काल पाहिलेलं काहीही काढा. निम्म्या वर्गाने पायरीवर झोपलेला कुत्रा काढला. चूक मुलांची नव्हती. सात वर्षांच्या मुलाला ‘शंभर वर्षांपूर्वी’ म्हणजे ‘फार पूर्वी’, आणि मागची सुट्टीही ‘फार पूर्वी’च. जुनं म्हणजे काय ते त्याला हातात घेतल्यावर कळतं.

आधी काम निवडा, मग ठिकाण

‘आपल्या परिसराचा इतिहास’ असा विषय घेऊ नका, तो कुठेच संपत नाही. रोजचं एकच काम घ्या: निरोप पाठवणं, पाणी आणणं, उजेड करणं. ते पूर्वी कसं व्हायचं आणि आता कसं होतं, याच्या खुणा शोधा. पाण्यासाठी विहीर, हातपंप आणि नळ. निरोपासाठी टपालपेटी, जुना फोन जपून ठेवलेलं एखादं घर आणि मोबाइलचा टॉवर. तीन ठिकाणं पुरे. चौथं कितीही मोहात पाडत असलं तरी पुढच्या वर्षासाठी ठेवा.

स्वतः चालून या

आठवडाभर आधी, सहलीच्याच वेळेला जा. तुम्हाला दहा मिनिटं लागली तर मुलांच्या रांगेला वीस धरा. सावली, स्वच्छतागृह, रस्ता ओलांडायची आणि खाली बसायची जागा टिपून ठेवा. एकदा उकिडवं बसूनही बघा. दारावर कोरलेलं साल आपल्याला सहज दिसतं, मुलांना मान वर करूनही दिसत नाही. उलट भिंतीच्या तळाशी बसवलेली लोखंडी कडी त्यांना आधी दिसते आणि ‘ही कशाला?’ हा प्रश्न तुमच्यावर येतो. उत्तर आधीच शोधून ठेवा.

कागदपत्रं नेहमीचीच: मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, जिथे जायचं तिथे आधी दिलेलं पत्र, मुलांच्या औषधांची आणि ॲलर्जीची यादी, प्रथमोपचार पेटी. सहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं, असं माझं मत. गळ्यातल्या कार्डावर शाळेचा फोन नंबर लिहा, मुलाचं नाव नको. नावाने हाक मारणारा परका माणूस मुलाला ओळखीचाच वाटतो. विहिरीला भक्कम कठडा आणि जाळी नसेल तर ती यादीतून काढा, कितीही देखणी असली तरी.

हाताला काम द्या

खरी सहल इथे सुरू होते. तबकडीचा जुना फोन मिळाला तर मुलांसमोर ठेवा आणि काही सांगू नका. ती भोकांत बोट घालून बटणासारखं दाबत राहतील. दोन-तीन मिनिटं दाबू द्या. मग एकदा तबकडी फिरवून सोडा. परत येताना ती कर्रर्र वाजते तेव्हा वर्ग गप्प होतो. बहुतेक देशांत अशा फोनवर १ फिरवला की तारेतून विजेचा एक ठोका जाई, ९ ला नऊ आणि ० ला दहा. म्हणून मुलांना १११ आणि ९९९ फिरवायला सांगा, बाकीच्यांनी टाळ्यांनी वेळ मोजावा. ‘फोन लावायला वेळ लागायचा’ हे वाक्य मग तुम्हाला बोलावं लागत नाही.

हातात धरून वापरायच्या मोबाइलवरून रस्त्यातून पहिला फोन १९७३ साली झाला. तो फोन किलोभराहून जड होता. एक किलो मिठाची पिशवी प्रत्येकाच्या हातात द्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत कानाला धरायला सांगा. टाइपरायटर मिळाला तर प्रत्येकाने स्वतःच्या नावाचं एकच अक्षर उमटवायचं. त्यावरची इंग्रजी अक्षरांची मांडणी १८७० च्या दशकातली. ती आज शाळेच्या संगणकावरही जवळपास तशीच दिसते, हे मुलांनाच ताडून बघू द्या.

विजेवर चालणारी जुनी वस्तू मात्र प्लगमध्ये लावू नका. बंदच दाखवा.

आजी-आजोबांना आधी भेटा

परिसरातल्या एखाद्या आजींना किंवा आजोबांना बोलावणार असाल तर आदल्या दिवशी जाऊन सांगा: भाषण नको, एक प्रसंग सांगा. मुलांचे प्रश्नही आधी बसवून घ्या. ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ याला उत्तर येतं, ‘फार छान होतं.’ त्याऐवजी ‘आजोबा, फोन लागलाच नाही तर काय करायचात?’ किंवा ‘आजी, पाण्याच्या किती खेपा करायचात? हात दुखायचे का?’ असं विचारू द्या. जुनं ते सगळं सोनं, हा सूर लागला की मला धास्ती वाटते. त्या खेपांत कुणाची शाळा बुडत होती, हेही मुलांना कळायला हवं.

वर्गात परतल्यावर सुतळी

निबंध लिहायला लावू नका. लांब सुतळी घ्या आणि दहा वर्षांना एक वीत असं माप ठरवा. वीत बाईंची, मुलांची नाही, नाहीतर भांडणं होतात. एक टोक म्हणजे आज. मुलाचा जन्म पहिल्या वितीतच येतो, हे बघून ती जरा खट्टू होतात. आजी सहा-सात विती लांब. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं, म्हणजे साधारण पंधरा विती. युरोपात सुट्या खिळ्यांनी पुस्तकं छापणाऱ्या गुटेनबर्गची छपाई पंधराव्या शतकाच्या मध्यातली. तिथे सुतळी सत्तावन्न वितींच्या आसपास जाते, वर्ग पुरत नाही, आणि मुलं ती धरून व्हरांड्यात जातात. चित्रं कपड्याच्या चिमट्यांनी लटकवा.

सुतळी महिनाभर राहू द्या. आठवड्याभरात घरून वस्तू येऊ लागतात: कॅसेट, किल्लीचं घड्याळ, कंदिलाची काच. प्रत्येक वस्तूवर मुलाच्या नावाची चिठ्ठी त्याच दिवशी बांधा. मी एकदा बांधली नव्हती, आणि कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.