लायब्ररी सायन्स करून स्वतःचं काम सुरू करताय? या चुका टाळा

बी.लिब., एम.लिब. झालेली, काही तर सेट-नेट झालेली पोरं भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत वर्षं घालवतात. त्यातलं कोणी स्वतःचं काम सुरू करतो म्हणालं की मला मनापासून बरं वाटतं, पण चुका बघाव्या तर दरवेळी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती जुना डेटा न बघता रेट सांगायची घाई. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाने तालुक्याच्या एका वाचनालयाचं कोहाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव कॉम्प्युटरवर ठेवायच्या सॉफ्टवेअरचं, काम घेतलं, ९,००० पुस्तकं, नोंदीमागे ४ रुपये, कारण फोनवर सांगितलं गेलं की सगळं एक्सेलमध्ये आहे, नुसतं चढवायचंय. एक्सेल होतं, पण भरलेलं युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते ती पद्धत) आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, त्यामुळे कोहात पुस्तकाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसायला लागली. कन्व्हर्टर लावला तर रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. वर 'देशपांडे, पु. ल.', 'पु.ल. देशपांडे' आणि 'देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण' हे तीन वेगळे लेखक, आणि कितीतरी ठिकाणी एकच दाखल क्रमांक (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला मिळणारा वेगळा नंबर) दोन पुस्तकांना! महिन्याचं काम चार महिने चाललं, टायपिंगला बसवलेल्या दोन मुलींचा पगार याच्याच खिशातून गेला, आणि पोरगा परत भरतीच्या क्लासला जाऊन बसला. हुशार होता हो, अजून वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. रेट सांगायच्या आधी स्वतः जायचं, दाखल नोंदवहीतून कुठल्याही ५० नोंदी काढायच्या, ती पुस्तकं कपाटात सापडतात का बघायचं आणि त्याच ५० नोंदी घड्याळ लावून युनिकोडमध्ये करून बघायच्या. एक दिवस जातो, जाऊ दे. तेवढाही धीर नसेल तर हे काम घेऊच नका.

कोहा फुकट आहे मग पैसे कसले, असं विचारतातच. लायसन्सचे नाहीत, पण इन्स्टॉल, डेटा, ट्रेनिंग आणि वर्षभराचा सपोर्ट याचे आहेत, हे आधी लेखी द्या. वाचनालय अनुदानावर चालत असेल तर पैसे अनुदान आल्यावरच निघतात, म्हणून अ‍ॅडव्हान्स घ्या.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवू नका. डिस्क गेली की दोन्ही जातं.

सदाशिव पेठेत चालते म्हणून आपल्या गावात वडिलांच्या पैशाने अभ्यासिका काढू नका, आधी गावात एमपीएससी करणारी पोरं मोजा.

थीसिस लिहून देणं किंवा शब्द फिरवून सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांच्या आत आणून देणं, हा धंदा मला अजिबात मान्य नाही. यूजीसीचे २०१८ चे नियम लिखाणाची चोरी थांबवायला आलेत. संशोधकांना झोटेरो (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) शिकवा, संदर्भ नीट द्यायला शिकवा, त्याचे पैसे मिळतात आणि झोपही लागते.

आता शिकवणाऱ्यांना. उद्योजकतेच्या पेपरला कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि पीपीटी करून घेतो आपण, आणि पोराने गिऱ्हाईक एकही बघितलेलं नसतं. मी ते बंद केलं. आता जवळची एखादी शाळा गाठायची, कपाटात बंद पडलेली १०० पुस्तकं काढायची, वर्गांक (विषयाप्रमाणे द्यायचा नंबर) घालून लेबलं लावायची आणि कामाचे पैसे मागायचे, ५०० का असेना. पावतीची झेरॉक्स जोडली तरच मार्क देतो.